अकरा सह्या आणि जांभळा मोजा

सही या विषयात माझ्याइतकी जाणकार बाई तुम्हाला दिवा घेऊन शोधलीत तरी सापडायची नाही. गर्वाने नाही सांगत. बरं, गर्वानेच सांगते, कारण यापुढे गर्व करण्यासारखं फारसं काही येणार नाहीये!

मी कुरियरच्या कचेरीत एकोणीस वर्षं पोचपावत्या सांभाळते. तुमच्या घरी पार्सल येतं, तुम्ही पावतीवर सही ठोकता आणि विसरून जाता. ती पावती फिरत फिरत माझ्या टेबलावर येते आणि मी ती क्रमाने लावते. दिवसाला दोनशे सह्या! डॉक्टरांच्या, वकिलांच्या, अंघोळ अर्धी टाकून दाराशी आलेल्यांच्या (या ओल्या असतात). सही बघून मी सांगते, माणूस घाईत होता, भांडून आला होता की पेन चालत नव्हतं.

म्हणून तर त्या सोमवारी मी नणंदेसमोर छातीठोकपणे बोलून गेले, "अकरा सह्याच ना? शनिवारी संध्याकाळी आणून देते!"

नणंद आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं लक्षात ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

"कुठल्या शनिवारी, वहिनी?"

"याच!"

"अहो, पेपरात फोटो बघितलात ना? मैदानाच्या फाटकाशी माणसावर माणूस चढलाय. तुमच्या उंचीला काय दिसणार तिथे?"

"मी जाणारच नाही मुळी. सह्या चालत माझ्याकडे येतील!"

आतल्या खोलीतून काहीच आवाज आला नाही. म्हणजे ह्यांनी ऐकलं होतं.

आता ह्यांचं सांगते, म्हणजे मी इतकी का पेटले ते कळेल. हे एकतीस वर्षं आमच्या गावच्या फुटबॉल संघाच्या मागे आहेत. आमचा संघ एकतीस वर्षं इमानेइतबारे हरत आला. ह्यांच्याकडे सह्यांची एक जाड वही आहे. प्रत्येक हंगामाला एक पान. एकतीस पानं हरलेल्या माणसांची! पहिलं पान मात्र कोरं. "ते चॅम्पियन संघाचं," हे म्हणायचे, आणि मी तोंड फिरवून हसायची.

आणि या वर्षी संघ जिंकला! शेवटच्या मिनिटाला गोल झाला. हे आनंदाने उडी मारून वर गेले ते बरोबर, पण खाली येताना पायरी जिथे असेल असं वाटलं तिथे ती नव्हती. घोटा मोडला! तिकडे कॅप्टन चषक उंचावत होता आणि इकडे ह्यांना स्ट्रेचरवरून नेत होते, तेही पाय फाटकाकडे आणि डोकं मैदानाकडे करून. एकतीस वर्षं थांबलेला माणूस, आणि चषक काही दिसला नाही. तेव्हापासून हे प्लास्टर उशीवर ठेवून पडलेले. तक्रार नाही, चिडचिड नाही. विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे. चोवीस वर्षांच्या संसारात मी ह्यांचं सगळं सोसलं, पण ते "ठीक आहे" मला सोसवेना.

त्यातही एक मेख होती. दहा जणांच्या सह्या कष्टाने का होईना मिळतात. गोलकीपर मात्र सहीच देत नाही! म्हणे एकदा दिली होती, आणि दुसऱ्या दिवशी पाच गोल खाल्ले. तेव्हापासून हात खिशात. बाजारात त्याची एकही सही नाही. माणूस नव्हे, कुलूप!

पण कुलपालाही पार्सल येतं की नाही? आणि पार्सल घेताना माणूस सही करतो की नाही? ही होती माझी योजना! अकरा जणांना अकरा पार्सलं, अकरा पोचपावत्या, अकरा अस्सल सह्या, आणि सगळ्या माझ्याच टेबलावर. आम्हा नोकरांना वर्षाला बारा पार्सलं मोफत असतात. मी आजवर एकही वापरलं नव्हतं. पत्ते आमच्या वहीत होतेच, कारण त्यांना बुटांची खोकी आमच्याकडूनच जातात. पत्ते असे खाजगी कामाला वापरायचे नसतात, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी ते मला आठवलं नाही. आठवू दिलं नाही म्हणा.

प्रश्न एकच, पार्सलात घालायचं काय?

मी विणकाम शिकले आहे. कोणाकडून नाही, माझी मीच. त्यामुळे स्वेटरच्या नादी लागले नाही, मोज्यांवर भर दिला. पण मोज्यांत देवाने एक खोड ठेवली आहे: एक विणून झाला की तस्साच दुसरा विणावा लागतो! पहिला मोजा मी आवडीने विणते, दुसरा सुरू करायचा म्हटलं की मला भांडी आठवतात. म्हणून माझ्या कपाटात चौदा मोजे होते, चौदाही एकटे. लोकर सगळी एकाच मोठ्या गठ्ठ्यातली. जांभळी.

मी प्रत्येक खोक्यात एकेक मोजा घातला. एकच बघून माणूस गोंधळेल, म्हणून चिठ्ठीही टाकली: "दुसरा मागाहून." ही चिठ्ठी लिहिताना मी स्वतःवर खूश झाले होते. कोणाची सही नीट आली नाही, तर दुसऱ्या मोज्याच्या निमित्ताने पुन्हा घेता येईल! पाठवणाऱ्याच्या रकान्यात नाव घालायला जीव होईना. चांगल्या घरची बाई फुटबॉलवाल्यांना मोजे पाठवते, हे चार लोकांत कशाला? मी लिहिलं, "एक हितचिंतक".

मंगळवारी सकाळी अकराही खोकी तुफानच्या हवाली केली. तुफान हा आमचा सगळ्यांत जुना डिलिव्हरीवाला. त्याला धावताना कोणी पाहिलेलं नाही, म्हणून हे नाव.

"तुफानभाऊ, प्रत्येक खोक्यावर मी लाल अक्षरांत लिहिलंय, 'फक्त स्वतःच्या हाती'. बघा हं!"

"ताई, लाल अक्षरं मी वाचतच नाही."

"का?"

"लालमध्ये नेहमी कोणीतरी ओरडलेलं असतं."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

बुधवारी दुपारी पावत्या आल्या. मी दार लोटलं, हात पुसले, चष्मा पुसला आणि पहिली पावती उचलली. कॅप्टनची! सही सुरेख, वळणदार, आणि खाली कंसात लिहिलेलं: "बायको".

दुसरीवर: "आई. तो झोपलाय."

तिसरीवर वॉचमनचं संपूर्ण नाव, हुद्दा आणि ड्यूटीची वेळ. चौथी आणि पाचवी एकाच लिफ्टमनची. सहाव्या घरी नळ दुरुस्त करायला माणूस आला होता, त्याने केली. सातवीवर कोणा लहानग्याने सूर्य काढला होता, किरणांसकट. मग सासरे, मग मोलकरीण, मग "शेजारी (ते गावाला गेलेत)".

एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मी पावत्या लावल्या, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली नव्हती की मोठ्या माणसांची पार्सलं मोठी माणसं घेत नाहीत! ज्या डॉक्टरांच्या सहीवरून मी त्यांचा स्वभाव ओळखत होते, ते बहुधा त्यांचे कंपाउंडर होते.

अकरावी पावती मात्र गोलकीपरची. त्यावर निळा, टवटवीत अंगठा.

"तुफानभाऊ! हे काय?"

"दार त्यानंच उघडलं, ताई. म्हणाला, सही करत नाही, अंगठा चालेल का? म्हटलं, पळेल!"

त्या संध्याकाळी घरी गेले, तर ह्यांनी वही मागवून घेतली होती. कोऱ्या पानावर पट्टीने, पेन्सिलीने अकरा रेघा आखल्या होत्या. प्रत्येक रेघेखाली बारीक अक्षरात खेळाडूची जागा. वही उशीखाली सरकवली आणि म्हणाले, "घाई नाही गं. जमलं तर."

याला म्हणतात मारणं! नणंदेने वरून हाक मारली, "वहिनी, परवाचा दिवस सोडला की शनिवार बरं का!"

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं.

आमचे साहेब शिक्क्यांचे भक्त आहेत. टेबलावर अठरा शिक्के एका रांगेत उभे असतात, आणि बोलता बोलता ते त्यांना मुलांसारखे सरळ करतात. त्या दिवशी त्यांनी एकाही शिक्क्याला हात लावला नाही. मी समजले, प्रकरण गंभीर आहे.

"बाई, मंगळवारी एका हितचिंतकाची अकरा पार्सलं गेली. नोंद तुमच्या हातची आहे. कोण हा हितचिंतक?"

"का हो, साहेब?"

"का? वाचा!"

त्यांनी एक लांबलचक कागद पुढे केला. मी वाचायला घेतला, आणि माझी नजर सवयीने सरळ तळाशी गेली. पोचपावत्या लावणारी बाई मी, मजकूर कधी वाचलाय का?

तळाशी सह्या होत्या. एक, दोन, तीन... अकरा! खऱ्या! शाईच्या! आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठी, रागाने कागद फाटेल अशी दाबून केलेली, गोलकीपरची!

"साहेब," मी म्हटलं, "हा कागद मला मिळेल का?"

"तुम्हाला मेमो मिळेल, बाई!" साहेब ओरडले. "वरचं वाचा, वरचं!"

वरचं वाचलं. तुम्हीही वाचा.

"माननीय व्यवस्थापक यांस. आम्ही खाली सह्या करणारे अकरा खेळाडू कळवतो की, आपल्या कचेरीमार्फत आम्हा प्रत्येकास एका अज्ञात इसमाकडून एकच मोजा मिळाला. सोबत 'दुसरा मागाहून' अशी चिठ्ठी होती. आमचे घरचे पत्ते या इसमास कोणी दिले, याची चौकशी व्हावी.

मोज्याचा रंग आम्ही अंतिम सामन्यात हरवलेल्या संघाचा आहे. पुढील हंगामात आम्हास एकाच पायाने खेळावे लागेल, असा याचा अर्थ आमच्यातील अनुभवी मंडळींनी काढला आहे.

सदर मोज्याची टाच टाचेच्या जागी नसून पोटरीच्या बाजूस आहे. हा मोजा कोणत्याही मानवी पायात जात नाही. आमच्या संघाच्या डॉक्टरांनीही प्रयत्न करून पाहिला. घोट्यापाशी जो फुगवटा येतो, तो मोडलेल्या घोट्याचा हुबेहूब नमुना आहे. सबब, हा मोजा घालण्यासाठी नसून धमकी देण्यासाठीच कोणा कसबी माणसाने विणला आहे, अशी आमची खात्री आहे."

"कसबी" या शब्दाने मला क्षणभर बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

"उद्या बारा वाजता त्यांचा कॅप्टन आणि गोलकीपर इथे येतायत," साहेब म्हणाले. "तोवर हितचिंतक हजर झाला नाही तर पोलिसांत जाणार आहेत. आणि पत्ते कोणी फोडले हे कळलं, तर त्या माणसाला मी या कचेरीत ठेवणार नाही. मग तो कोणी असो!"

आता माझी पंचाईत बघा. गप्प बसावं तर पोलीस, बोलावं तर नोकरी. आणि एवढ्या सगळ्यात माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: तो कागद साहेब फायलीत लावताना सह्यांवर भोक तर पाडणार नाहीत ना?

शनिवारी बारा वाजता ते दोघे आले. कॅप्टन हसऱ्या डोळ्यांचा, बुटका. गोलकीपर दारातून वाकून आत आला आणि वाकलेलाच राहिला, कारण आमचा पंखा खाली आहे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले आणि पट्टीच्या चोरासारखं नव्हे, पहिल्यांदाच पकडलेल्या पोरीसारखं सगळं भडाभडा ओकून टाकलं. वही, एकतीस वर्षं, पायरी, प्लास्टर, पावत्या, सगळं!



"खोटं आहे," गोलकीपर म्हणाला. "काकू कोणालातरी वाचवतायत. चुकूनसुद्धा इतकी वाकडी टाच कोणी विणू शकत नाही."

बघा! कबूल केलं तरी विश्वास नाही! मी पर्समधून पंधरावा मोजा काढला. जेवणाच्या सुट्टीत चालू होता, सुयांवरच होता. साहेबांच्या टेबलाशी बसले, त्यांचे अठरा शिक्के बाजूला सारले आणि सगळ्यांसमोर टाच वळवायला घेतली. दोन ओळी झाल्या, तीन झाल्या. गोलकीपर वाकून बघत होता. चौथ्या ओळीला टाच आपली वाट सोडून पोटरीकडे निघाली.

"हीच ती!" तो ओरडला. "कॅप्टन, हीच टाच!"

कॅप्टन खुर्चीत मागे रेलून डोळे पुसत होता. हसून हसून! "काकू," तो म्हणाला, "अहो, सही पाहिजे होती तर मागायची ना!"

"मागितल्यावर मिळते होय? एवढी गर्दी..."

"गर्दी पहिले चार दिवस होती. आता रोज चार वाजता फाटकाशी आम्हीच पेन घेऊन उभे असतो. काल एक आजोबा आले. त्यांना बस स्टॉप कुठे आहे ते हवं होतं."

मी मटकन बसले. बसलेलीच होते, तरी पुन्हा बसले.

"आमची तक्रार मागे," कॅप्टन साहेबांना म्हणाला. "काकूंना काही करू नका." साहेबांचा चेहरा बराच वेळ नियम आणि माणुसकी यांच्यामध्ये हेलकावत राहिला. शेवटी त्यांनी मला तोंडी खडसावलं, पत्त्यांच्या वहीला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि शिक्का उचलला: "निकाली".

"सह्यांवर नको!" मी किंचाळले. शिक्का समासात पडला.

"नियमाप्रमाणे मागे घेतलेली तक्रार तक्रारदाराला परत," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे केला. गोलकीपरने तो घेतला, स्वतःची सही पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. "अरे देवा! रागाच्या भरात मी सही केली!" तो कागद फाडायलाच निघाला!

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. साहेब सांगतात, मी टेबलावरून झेपावले. एवढं खरं, की चॅम्पियन संघाच्या गोलकीपरच्या हातातून त्या हंगामात सुटलेली पहिली वस्तू माझ्या हातात होती.

"काकू, द्या तो इकडे. पुढचा सामना हरलो म्हणजे?"

"नाही देणार. माझा माणूस अठरा दिवसांत हसलेला नाही. पाच गोल खा, हवं तर सहा खा!"

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मग हळूच म्हणाला, "एका अटीवर. दुसरा मोजा कधीही पाठवणार नाही, असं लिहून द्या."

मी लिहून दिलं. "खाली सही," तो म्हणाला. मी सही केली. त्याने ती नीट तपासली, घडी घातली आणि खिशात ठेवली. या व्यवहारात कोण कोणाची सही घ्यायला आलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी कागद ह्यांच्या हातात दिला. नणंद दारात घड्याळासारखी उभी होतीच. कागद वहीपेक्षा लांब, कोऱ्या पानावर मावेना. हे सह्यांवरून बोट फिरवत गेले. गोलकीपरच्या सहीशी बोट थांबलं. "खरी आहे?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. मग ह्यांची नजर कागदाच्या वरच्या टोकाला गेली आणि हे पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. वाचता वाचता मान खाली गेली, खांदे हलायला लागले. रडतायत! मी पुढे झाले, तर ह्यांनी तोंड वर केलं. डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून शब्द फुटेना.

"अगं... डॉक्टरांनीही... डॉक्टरांनीही प्रयत्न करून पाहिला!"

प्लास्टरचा पाय उशीवरून खाली पडेपर्यंत हसले. मीही हसले. मला जरा कमी हसू येत होतं, पण हसले.

आता तो कागद चौकटीत घालून बाहेरच्या खोलीत लावलाय. ज्याच्यावर गोलकीपरची सही आहे असा जगातला एकमेव कागद! लांबून लांबून माणसं बघायला येतात. मीही दर वेळी सांगते, "ती वरची सही बघा, दुर्मीळ आहे." पण लोक मजकुरापासून सुरुवात करतात, टाचेच्या परिच्छेदापर्यंत पोचतात, मोठ्याने वाचतात, माझ्या पायांकडे बघतात आणि हसत हसत खुर्चीत कोसळतात. तळापर्यंत कोणी जातच नाही. नणंदेने तर टाचेच्या परिच्छेदाची तेवढी झेरॉक्स काढून नेली आहे. सह्या वगळून!